नांदसरचं शून्य

"एकही नाही?" आक्कांनी विचारलं.

"एकही नाही," हेमराज म्हणाला. "अख्ख्या वर्षात एकही नाही."

आक्का अंबाडीची भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

हेमराजला ते जरा लागलं. माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन येतो, तो काही भाजीच्या देठांशी बोलायला येत नाही.

डॉक्टर हेमराज बोरकुटे हा नांदसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा प्रमुख. शाळेत असताना तो याच आश्रमात राहिला, आक्कांच्या हातच्या भाकरी खाऊन वाढला. गावाबाहेर नदीकाठी महानुभावांचा हा आश्रम, आणि आक्का तिथल्या सर्वांत जुन्या तपस्विनी. लोक त्यांच्याकडे भांडणं घेऊन येतात, दुखणी घेऊन येतात. आक्का बहुतेकांना काही न बोलता भाजी निवडायला बसवतात. तरी लोक येतात.

हेमराज आमंत्रण द्यायला आला होता. त्याच्या केंद्राखालच्या गावांत वर्षभरात जन्मलेलं एकही मूल पहिल्या महिन्यात दगावलं नव्हतं. जिल्ह्यात असं दुसरं केंद्र नव्हतं. म्हणून येत्या आठवड्यात सत्कार होता, आणि आक्कांनी पहिल्या रांगेत बसावं अशी त्याची फार इच्छा होती.

आणि तो राबला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सरकारी माणूस राबला म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच हसू येतं. पण अंगात रक्त कमी असलेल्या बायकांना तो शेतात जाऊन गाठत होता. गाडी जात नाही तिथून ट्रॅक्टरवर गादी टाकून त्यानं बाळंतिणी आणल्या होत्या. त्याचा गर्व हवेतला नव्हता.

"मोजता कसं?" आक्कांनी विचारलं.

हेमराज खुलला. बाई गरोदर आहे हे कळलं की तिचं नाव कसं नोंदवतात, बाळंतपणानंतर आशाताई आणि सिस्टर घरी कशा जातात, बाळाचं वजन, बाळाचा ताप, आईचं रक्त जाणं, हे सगळं त्यानं सांगितलं. जिवंत जन्मलेल्या हजार मुलांमागे किती दगावली, एवढा एक आकडा काढतात. त्या आकड्यात सगळं दिसतं, तो म्हणाला. रस्ता आहे का, पाणी कसं आहे, घरातल्या सुनेच्या ताटात काय पडतं, तेसुद्धा.

"चांगलं आहे," आक्का म्हणाल्या. त्यांना ते खरंच आवडलं होतं.

मग त्यांनी एक देठ मोडला.

"आणि रोशनीचं?"

हेमराजला नाव आठवायला वेळ लागला नाही. दोन महिन्यांमागचीच गोष्ट. वरच्या वस्तीवरची सून, पहिलं बाळंतपण, घरीच झालेलं.

"ते यात येत नाही, आक्का. ते मेलेलंच जन्मलं. त्याचा रकाना वेगळा असतो."

"म्हणजे जन्मलेल्यांत नाही."

"जिवंत जन्मलेल्यांत नाही."

"आणि गेलेल्यांत?"

"त्यातही नाही धरत. नियमच तसा आहे."

"हं…"

नियम खराच तसा आहे. हेमराजनं तो घरी बसून केलेला नव्हता. तरी त्याचा आवाज उगाचच चढला.

त्यानं त्या दिवसाची सगळी हकिगत सांगितली. कळा अचानक सुरू झाल्या, नाल्यापाशी जीप रुतली, तो चिखलातून चालत वस्तीवर पोचला. बाळ फडक्यावर निपचित पडलेलं होतं, निळं पडलेलं. त्यानं त्याच्या छातीला नळी लावून पाहिली. आत काहीच नव्हतं. आणि शेजारी रोशनीचं रक्त थांबत नव्हतं. मग तो तिच्याकडे वळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती तालुक्याच्या दवाखान्यात डोळे उघडून पाणी मागत होती.

"ती माझ्यामुळे वाचली, आक्का."

"हो. तू वाचवलीस."

आक्कांनी हे अगदी सरळपणे म्हटलं आणि भाजीची पुढची जुडी ओढली.

"बाळ मेलेलं जन्मलं, हे कोणी सांगितलं?" आक्कांनी विचारलं.

"तिच्या सासूनं."

"सासू खोलीत होती?"

"बाहेर होती. पाणी तापवत."

"रोशनीला विचारलंस?"

"ती शुद्धीवर नव्हती."

"दुसऱ्या दिवशी पाणी मागत होती म्हणालास."

हेमराजनं पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडली, पुन्हा बांधली. मग हळू आवाजात म्हणाला, की सिस्टरनं त्याला एकदा सांगितलं होतं. ती मुलगी काहीबाही बोलते, बाळ रडलं म्हणते. त्यावर तो म्हणाला होता, ग्लानीत असे भास होतात. मग सिस्टर पुन्हा काही बोलली नाही.

"रोशनी," आक्कांनी आत हाक मारली. "बाहेर ये गं."

हेमराज चमकला. ती इथं आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

रोशनी दारात आली. वय बावीस-तेवीस, हाडं वर आलेली, हाताला पीठ लागलेलं. बाळंतपणानंतर घरी ती सारखं एकच सांगत राहिली, की बाळ रडलं होतं. घरच्यांनी आधी समजूत घातली, मग गप्प केलं, मग तिच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणू लागले. सासू काही दुष्ट नव्हती. मेलेलं जन्मलं म्हटलं तर पोरगी लवकर विसरेल, एवढाच तिचा हिशेब. शेवटी तिनंच रोशनीला आक्कांकडे आणून सोडलं. नवरा रविवारी येऊन बसायचा आणि न बोलता निघून जायचा. अलीकडे तर तिला परत न्यायचं की माहेरी पाठवायचं, अशी बोलणी घरात सुरू झाली होती. पण याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. आपल्याला वेड लागलंय हे आता रोशनीलाही पटू लागलं होतं.

"हेमराज," आक्का म्हणाल्या, "कानांत बोटं घाल."

"काय?"

"घाल."

लहानपणी आक्कांनी सांगितलेलं करायची त्याला सवय होती. सवय अशी जात नाही. हुद्दा, सत्कार, सगळं बाजूला राहिलं, आणि नांदसरच्या डॉक्टरनं आश्रमाच्या ओसरीवर बसून दोन्ही कानांत बोटं घातली.

आक्का रोशनीला काहीतरी म्हणाल्या. रोशनीनं आधी नकारार्थी मान हलवली. मग तिचे ओठ हलू लागले. ती बराच वेळ बोलत होती. मध्येच तिनं उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं, डाव्या मुठीत धरलं आणि मूठ सोडली.

आक्कांनी खूण केली. हेमराजनं बोटं काढली.

"काय म्हणाली ती?" आक्कांनी विचारलं.

"मला कसं कळणार, आक्का?"

"मग ती काही म्हणालीच नाही."

दर वर्षी नवीन आशाताईंना हेमराजच शिकवत असे. बाळ गेलं तर घरातल्या इतरांना विचारून थांबू नका, आईला विचारा. रडलं का, श्वास घेतला का, हातपाय हलवले का, हे आईला विचारा. शिकवताना तो फार छान बोलायचा. लोक टाळ्या वाजवायचे.

तो पाटावरून उठला आणि रोशनीसमोर जमिनीवर बसला.

"ताई, बाळ झाल्यावर काय काय झालं, ते मला सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

रोशनीनं आक्कांकडे पाहिलं. आक्का भाजी निवडत होत्या.

"थो रडला जी," रोशनी म्हणाली. "लय नाही. दार करकरते ना, तसा बारीक. मंग थांबला. मंग आनखी एकदा रडला."

हेमराज थोडा पुढे झुकला.

"म्या त्याच्या हाताले बोट लावलं. त्यानं धरलं जी माह्यं बोट… मंग सोडून देल्लं. आत्याबाई, सासू माह्या, आत आल्या तवा सोडलं होतं."

ती थांबली. हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत राहिली.

"सारे म्हनतात भास झाला. मलेबी आता तसंच वाटते. तुमी डॉक्टर हा. तुमीच सांगा, भास होता का?"

खरं सांगायचं तर त्या वेळी हेमराजच्या डोळ्यांपुढून सत्काराचा मांडव गेला, पहिली रांग गेली, आणि 'शून्य' लिहिलेला मोठा फलकही गेला. माणूस आहे, जाणारच. आक्का भाजी निवडत राहिल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"भास नव्हता," हेमराज म्हणाला. "मेलेलं बाळ रडत नाही, ताई. बोटही धरत नाही. तुमचा मुलगा जिवंत जन्मला होता. आम्ही वेळेवर पोचलो नाही."

"मंग मी येडी नाही."

"नाही."

"नाही ना जी?"

"अजिबात नाही. तुम्हीच तेवढं बरोबर सांगत होता."

तिनं मोठा श्वास सोडला. भारा डोक्यावरून उतरवल्यावर बाई सोडते तसा. मग ती चक्क हसली, आणि हसता हसता रडू लागली. पण हे रडणं वेगळं होतं. त्यात कोणाला पटवून द्यायचं नव्हतं. आक्कांनी तिला गप्प केलं नाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, की माझं काही चुकलं होतं का. काही जड उचललं म्हणून, काही खाल्लं नाही म्हणून. हेमराजनं तिला नीट समजावून सांगितलं की तसं काही नव्हतं. अशा बाळाला पहिल्या काही मिनिटांत श्वास द्यायला हाताशी कोणी लागतं, आणि ते कोणी तिथं नव्हतं. तो दोष तिचा नाही. आज संध्याकाळीच तो स्वतः तिच्या घरी जाणार होता आणि सासूला आणि नवऱ्याला हेच सांगणार होता.

"त्यायले सांगा," रोशनी म्हणाली. "तुमचं आयकतीन ते." मग जरा थांबून म्हणाली, "बरं वाटलं जी." आणि पदरानं तोंड पुसून आक्कांच्या शेजारी भाजी निवडायला बसली.

आक्कांनी पेढ्यांचा पुडा सोडला आणि पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो खाल्ला. दुसरा तिनं आपणहून घेतला. आल्यापासून तिनं काही मागून खाल्लेलं आक्कांनी पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

हेमराज भिंतीला टेकून बसला. त्याला नवल वाटत होतं ते याचं, की त्यालाही बरं वाटत होतं. सिस्टरला गप्प केल्यापासून त्याला नीट झोप लागत नव्हती. कामाचा ताण आहे, असं तो बायकोला सांगायचा. आता तो ताण कुठे गेला ते कळेना.

"गेलं बघा आक्का, सगळं," तो अर्धवट हसत म्हणाला. सत्कार रद्द होणार. उलट वरून विचारणा येणार, आधी वेगळं का कळवलं म्हणून. उशिरा नोंद करायची तर कागदांची शंभर लचांडं. आजूबाजूचे डॉक्टर मित्र तर त्याला मूर्खात काढणार, कारण एकाची नोंद अशी बदलली की त्यांच्याकडच्या नोंदीही कोणीतरी विचारायला निघणार.

"निघू देत," आक्का म्हणाल्या.

"निघायलाच हवं," हेमराज म्हणाला, आणि आपण हे मनापासून म्हणतोय हे त्याच्या लक्षात आलं. आशाताईंना पुन्हा बोलवायचं, नुसतं शिकवायचं नाही, मागच्या वर्षीच्या प्रत्येक अशा आईकडे जायचं, हे त्यानं तिथल्या तिथे ठरवलं. नाल्यावरच्या रस्त्याचं पत्रही आता तो जोरात लिहू शकणार होता. शून्य असताना रस्ता कोण देतो?

त्यानं खिशातून फोन काढला आणि सिस्टरला लावला.

"सिस्टर, बोरकुटे बोलतोय. वरच्या वस्तीवरच्या रोशनीचं बाळ, ती नोंद बदलायची आहे. आईला विचारलं मी. हो, तुम्ही सांगितलं होतं. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं… तर लिहून घ्या. बाळाचा मृत्यू…"

भाजी निवडणारी रोशनी थांबली.

आक्कांनी ओला हात पुढे करून हेमराजच्या मनगटावर ठेवला. तो बोलायचा थांबला.

"आधी जन्म सांग," आक्का म्हणाल्या.