पिकदाण्यांमागची मांजरी

एकदा एका बाजारपेठेत नथूशेठ नावाचे भांड्यांचे व्यापारी राहत. दुकान जमिनीपासून आढ्यापर्यंत भरलेले, आणि ते पाहून शेठजींची छाती फुगलेली. पुढे माल ठेवायला जागाच उरेना, तेव्हा त्यांनी मागच्या स्वयंपाकघराची भिंत पाडून तिथे कोठार करायचे ठरवले.

"मग चूल काय तुमच्या डोक्यावर मांडू?" पत्नीने विचारले. "भिंतीला हात लागला, की मी माहेरी निघाले." आणि तिने खरोखरच गाठोडे बांधून दारात ठेवले.

शेठजी घाबरले. पत्नीची समजूत घालायला ते आपल्या वृद्ध गुरुजींना घेऊन आले. गुरुजींनी मालाकडे ढुंकूनही पाहिले नाही. पायात घुटमळणाऱ्या गाभण मांजरीला कुरवाळत ते म्हणाले, "हिला विऊ दे. पिल्लं कुठं कुठं हलवते, ते बघून ठेव. तोवर भिंतीला हात लावू नकोस."

गुरुजींचे आता वय झाले, असे शेठजींच्या मनात आले. पण शब्द मोडवेना.

मांजरी कळश्यांच्या राशीमागे व्याली. तीन दिवसांत कळश्या खपल्या, तशी तिने पिल्ले परातींमागे नेली. तिथेही गिऱ्हाइकांचे हात पोचले. शेठजी दिवसभर मांजरीकडे टक लावून बसत, आणि दारातले गाठोडे पाहून गिऱ्हाइके त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलत. अखेर मांजरीने पितळी पिकदाण्यांमागे बस्तान बसवले.

पंधरवड्याने गुरुजी आले. "मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. हिनं किती फिरवली?"

"तिसऱ्यातच मुक्काम ठोकलाय, गुरुजी. पिकदाण्यांमागं."

"त्या कधीच्या?"

"वडिलांनी आणलेल्या."

"आणि कळश्यांची रास वर्षातून किती वेळा संपते?"

"दहाएक वेळा तरी भरावी लागते."

गुरुजी हसले. "अरे, तू राशीची उंची बघतोस, मांजरी तिची हालचाल बघते. दोन्ही राशींनी जागा सारखीच अडवलीय. एक वर्षात दहादा रिकामी होते, दुसरी तुझ्या जन्मात एकदाही झाली नाही. फिरणाऱ्या मालाला हे दुकान पुरून उरेल. बसलेल्या मालाला तू अख्खं गाव पाडून दिलंस, तरी कमीच पडेल."

शेठजींना लाज वाटली, आणि सुटल्यासारखेही वाटले. दुसऱ्याच दिवशी पिकदाण्या मोडीत गेल्या. मांजरीने नाखुशीने एकेक पिल्लू तोंडात धरले आणि थेट स्वयंपाकघर गाठले. पत्नीने गाठोडे सोडले, त्यातले जुने लुगडे पिल्लांखाली अंथरले आणि शेठजींना न मागता चहा दिला.

आपल्या दुकानात मांजर कुठे निर्धास्त झोपते, तेवढे प्रत्येकाने एकदा पाहून यावे.