बकुळाने निवडलेली जांभळी पिशवी

डोंगराच्या कुशीत, हिरव्यागार रानाच्या अलीकडे, एका इवल्याशा घरात बकुळा आणि तिची आई राहत होत्या. आई गावोगावी फिरून बांगड्या भरायची. लाल, पिवळ्या, मोरपंखी बांगड्या दोऱ्यात ओवून ती खांद्यावरच्या पिशवीतून न्यायची. पण पिशवी आता पार विरली होती. मागच्या लग्नाला जाताना तिचा तळ उसवला आणि नवरीचा अख्खा चुडा दगडावर आपटला. बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण शब्द गोड केला म्हणून बायकांचे चेहरे थोडेच गोड होतात? तेव्हापासून आईला कुणी बोलावलंच नाही.

आणि आज रानापलीकडच्या वाडीतून लग्नाचं बोलावणं आलं, तर आईला सणकून ताप.

"मी पोचवते ना चुडा," बकुळा म्हणाली.

"सांभाळून ने, बाळा. आज एक जरी बांगडी वाढली, तर आपल्याला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

बकुळा निघाली. रानात सोनेरी कवडसे नाचत होते, निळी निळी फुलपाखरं भिरभिरत होती, पण तिचं सगळं लक्ष पिशवीत. अर्ध्या वाटेवर पिशवीचा पट्टा तुटला. बकुळाने पिशवी वरच्यावर झेलली. बांगड्या वाचल्या, पण अशी फाटकी पिशवी घेऊन डोंगर कसा उतरायचा? तिला रडूच आलं.

"रडून झालं की जरा ही फांदी धरशील का? माझे दोन्ही हात भरलेत."

बकुळाने वर पाहिलं. करंजाच्या झाडापाशी एक चिमुकली परी तरंगत होती. चतुर किड्याच्या पंखांसारखे तिचे पंख झिलमिलत होते आणि दोन्ही हातांत पिशव्याच पिशव्या. बकुळाला उशीर होत होता, तरी तिने आपली पिशवी गवतावर अलगद ठेवली आणि डोळे पुसत फांदी खाली ओढून धरली. परीने एकेक पिशवी टांगली. सगळं झाड रंगीबेरंगी झालं.

"गुणाची आहेस," परी म्हणाली. "यातली एक घे. पण नियम आहे हं. एकच घ्यायची. आणि काम झालं की एकदा परत आणायची. तेव्हा तिच्यात तुझं काहीही उरता कामा नये. मग मी शेवटचा टाका घालीन आणि ती कायमची तुझी. काही उरलं, तर पिशवी गेली."

जरीची पिशवी चमचम करत होती. बकुळाने चुडा तिच्यात ठेवला, ती खांद्याला लावून चार पावलं टाकली, तर बाहेर लावलेले जड मणी कापडावरून आतल्या बांगड्यांवर आपटायला लागले. मखमली पिशवी मऊ होती, पण तिच्यात सगळं तळाला जाऊन बसायचं. पाण्याचा तांब्या, भाकरी आणि चुडा एकमेकांवर. मग तिने फांदीच्या टोकाची साधी जांभळी पिशवी काढली. रुंद पट्टा, पावसासाठी वर झाकण, आत गोधडीसारखे शिवलेले निरनिराळे कप्पे. चालताना ती अंगालगत राहिली, पायात आली नाही.

"एवढ्या चमकत्या सोडून ही?" परीने चिडवलं.

"आईला रोज लागेल ना, परीताई. बांगड्या न्यायला, बाजाराला, मुक्कामाला, मामाकडे जायलासुद्धा."

वाडीत चुडा पोचला. नवरीच्या आजीबाईंनी एकेक बांगडी उजेडात धरून पाहिली. सगळ्या शाबूत! नवरीचे हात हिरवेगार झाले. निघताना आजीबाईंनी पिशवीत बेसनाचे लाडू भरले आणि म्हणाल्या, "आईला सांग, धाकटीच्या लग्नालाही तूच ये."

बकुळा रानात परतली. तिने लाडू, तांब्या, सगळं काढून ओढणीत बांधलं. पिशवी झटकली, कप्पे चाचपले. पण परीच्या हातात पिशवी देता देता ती थबकली. घरी कुणाचं भांडं आलं, तर आई कधी रिकामं परत करत नसे; चिमूटभर साखर तरी घालायची. सवयीने बकुळाचा हात ओढणीत गेला आणि एक लाडू पिशवीत पडला.

मग तिला नियम आठवला. तिचं तोंड एवढंसं झालं.

परीने आत डोकावून पाहिलं. "हा लाडू कुणाचा?"

"तुझा," बकुळा पुटपुटली. "रिकामी पिशवी कशी द्यायची?"

"माझा ना? मग तुझं काय उरलं हिच्यात?" परी खुदकन हसली. "किती जणांनी पिशव्या परत आणल्या, पण माझ्यासाठी कुणी दाणासुद्धा आणला नव्हता गं."

तिने एक सोनेरी किरण सुईत ओवला आणि शेवटचा टाका घातला. "हिच्यात ठेवलेली बांगडी कधी वाढायची नाही," ती म्हणाली. मग लाडू छातीशी धरून ती लखलखत्या उजेडात विरघळून गेली. करंजाचं झाड पुन्हा नुसतं हिरवं उरलं.

घरी आई उंबऱ्यातच बसली होती. ताप उतरला होता, पण काळजी उतरली नव्हती. तिला विचारायचा धीरच होईना.

"एकही वाढली नाही, आई. आणि धाकटीच्या लग्नालाही तुलाच बोलावलंय."

आईने बकुळाला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "भूक लागली गं मला."

कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली.