सर्वांत उत्तम पान

वैशाखात राजेसाहेबांच्या आमराईत पाहुण्यांची पंगत बसली होती. बारा वर्षं हा स्वयंपाक भिकंभट करत आले होते. यंदा तो मान सकवारबाईला मिळाला, आणि भटजी आतून जळत पंगतीत बसले.

सकवारबाईनं शास्त्रीबुवांना उपासाची भगर वाढली, जैन शेटजींना कांदा-बटाटा टाळून केलेलं जेवण, तर दात पडलेल्या आत्यासाहेबांना मऊ खिमट. सगळे चवीनं जेवत होते. भिकंभटांना ते पाहवेना.

“सकवारबाई,” ते मोठ्यानं म्हणाले, “यातलं सर्वांत उत्तम पान कोणाचं, ते सांग बघू.”

एकाचं नाव घेतलं की बाकीचे दुखावणार, हे तिच्या लक्षात आलं. राजेसाहेबही उत्तरासाठी थांबले.

“ज्याचं त्याला उत्तम, भटजी. म्हणून तर कोणी मान वर करत नव्हतं,” ती शांतपणे म्हणाली. “दुसऱ्यांच्या पानांत तेवढे तुम्हीच बघत बसलात. तुमचा वरणभात मात्र निवला.”

राजेसाहेब हसले, मग सारी पंगत हसली. भिकंभटांनी मुकाट्यानं घास घेतला. वरणभात निवूनही चविष्ट होता, आणि त्यांना तेच जास्त झोंबलं.