सकवार सुईणीनं नाल्याले दार लावलं

लई वर्सं झाली. इतकी, का बांधावरचा हा बुढा मोह तवा अंगठ्याएवढा होता, अन् गावातले सारे टकले केसाळ होते. तवा ह्या तलावाच्या काठी सकवार नावाची सुईण राहे. अख्खं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं. म्हणून कोनी मिशीले पीळ देऊन बोलू लागला, का सकवार म्हणे, "थांब रे, जन्मला तवा तू पयले काय केलंस, सांगू का साऱ्याइले?" मिशी लगेच खाली.

तिनं पोटावर हात ठेवला, का आतलं लेकरू सोताच कूस बदले, असं म्हणतेत. आता म्हणणाऱ्याचं तोंड कोन धरावं?

गाव ढिवरांचं. साऱ्याइचं पोट तलावावर. आखाडात डोंगरावरून नाला फुगून तलावाले मिळे, अन् अंड्यानं जड झालेल्या मासोळ्या तलाव सोडून नाल्यानं वर चढत, धानाच्या उथळ बांध्यांत अंडी घालाले. गडी नाल्याच्या तोंडावर जाळं लावून उभे. मासोळी सोताच येऊन जाळ्यात पडे. मेहनत काई नाई. अन् अशा कामाले आपले गडी कधी मागं राह्यले हायत का?

पण तलाव दरसाल रोडावत गेला. दिवाळीपर्यंत जाळ्यात मासोळ्या कमी अन् बेंडकं जास्त. एक घर परमुलुखात माती खोदाले गेलं, त्याच्यामागं दुसरं गेलं. पाळणे हालतीनात. सकवारचे हात रिकामे झाले. सुईणीचे हात रिकामे झाले, का समजा गाव संपाले आलं.

गावात एकच पोटुशी राह्यली होती, फुलकन. ढिवरांचा मुखिया उरकुडा, त्याची बायको. लई नवसानं दिवस गेले होते. अन् तोच उरकुडा म्हणे, "हा आखाड मारून घेऊ, मंग आपनबी गाव सोडू."

सकवार त्याच्या आंगणात गेली. "उरकुड्या, अंड्याची मासोळी मारू नोको. पोटुशी हाय ती. बाळंतपणाले माहेरी येते."

"माय, मासोळ्या काय तुह्या लेकी होत?"

"तुह्यासारखा लेक असन्यापरीस बरं."

सारे हासले. उरकुडाबी हासला, अन् जाळं शिवाले बसला.

मंग नाला फुगला. सकाळी गडी जाळी खांद्यावर टाकून गेले, त पाहतेत काय! नाल्याच्या दोन्ही काठांले दोन बल्ल्या रोवल्या, मधात दोर बांधला, दोराले कडूलिंबाचे डहाळे. खाली लोखंडाचा विळा, मडक्यात गोवरीचा धूर. अन् सकवार पाय पसरून तंबाखू मळत बसली.

"थांबा रे. आत बाळंतीन हाय."

आता ज्या दाराले लिंब बांधला, त्या दारात सव्वा महिना गड्यानं पाय टाकू नाई. राजा असो का रंक. गडी हासले, गडी चिडले, पण पाय कोनाचाच पुढं जाईना.

उरकुडा बोल्ला, "हा नाला हाय माय, खोली नाई." अन् त्यानं पाय उचलला.

"तू हायेसच पायाळू! जन्माले येतानाबी पयले पायच टाकलास. तवा पिरगाळून काढला. आता पिरगाळू?"

पायाळूवर वीज धावते, हे कोनाले ठाव नाई? सकवारनं एका डोळ्यानं आभाळाकडं पाह्यलं. आभाळ गुरगुरलं. पाय मागं आला.

तेवढ्यात उरकुड्याची शेजारीण धापा टाकत आली. "माय, चाल! फुलकनले कळा लागल्या. लेकरू आडवं हाय!"

सकवार हालली नाई. "इथं बाळंतपण सुरू हाय. दार सोडून कशी येऊ?"

उरकुड्याचं तोंड राखेवानी झालं. "माय, हात जोडतो. चाल."

"मंग दार कोन राखन?"

"मी राखतो!"

"अन् जाळं?"

त्यानं जाळं तिच्या पायाशी टाकलं. सकवार उठली. "लिंबाखालून हालू नोको. लिंबाखाली वीज तुले शिवणार नाई. बाहेर निघालास, त माही हमी नाई." अन् ती बुढी हरणीवानी पळाली, असं म्हणतेत.

ती गेली, तसा उरकुड्याचा दोस्त पैकू जाळं झटकून पुढं आला. "गेली बुढी! सरक उरकुड्या, पाह्य मासोळ्या कशा उसळून राह्यल्या!"

उरकुड्यानं वळून पाह्यलं. मासोळ्या धारेवर उडत, आपटत, पुन्हा उडत. एकेकीचं पोट हे एवढं. इतकी वर्सं मारल्या, पण आजच पाह्यल्या. तिकडं घरात फुलकनबी अशीच आपटत असन. त्यानं काठी उचलली.

"थांब पैकू. आत बाळंतीन हाय."

"तुलेबी बुढी लागली का रे?" म्हणत पैकूनं पाय टाकला. अन् कडाडकन वीज सुटली! पायाळू पाहून सरळ उरकुड्यावर आली. लिंब दिसला, तशी थबकली, वळली, अन् पैकूच्या मागचं अंजनाचं झाड उभं चिरून गेली. पैकू जो पळाला! त्याचं धोतर दिवाळीले सापडलं, असं म्हणतेत.

त्याच घडीले सकवारनं फुलकनच्या पोटावर हात ठेवला. आडवं लेकरू सरळ झालं अन् भ्यां करून रडलं. पोरगी! ते रडणं नाल्यावर आइकू आलं, अन् साऱ्या मासोळ्या एकदम पानी सोडून उडाल्या, लिंबाच्या तोरणावरून पार पल्याड!

बुढीनं आदल्या दिवशीच फुलकनचं पोट चाचपून दिवस हेरला होता, असंबी काई जण म्हणतेत. अन् पाऊस? तो तिले इचारूनच आला असन.

उरकुड्यानं सव्वा महिना सोता दार राखलं. लिंब उतरवला, तवा मरळ मासोळीच्या लाल पिलाइनं सारा तलाव कुंकू सांडल्यावानी लाल झाला होता. अन् दिवाळीले जाळं असं भरलं, का वढाले बैलजोडी जुपावी लागली. गेलेली घरं परतली. पाळण्यावर पाळणे. सकवार साऱ्याइले शिव्या देत फिरे, "मेलेहो, आता मले मराले बी सवड नाई!"

आजबी आखाडात नाला फुगला, का बाया दोराले लिंब बांधतेत. त्या साली जो नवा बाप झाला, तो दाराशी बसतो. सव्वा महिना तलावात जाळं नाई. मंग जाळ्याचाच पाळणा करून तलावाचं बारसं होते, अन् पयली मासोळी सुईणीची. आता नर्सबाई हाय, तिले देतेत. मागची नर्सबाई शाकाहारी निघाली. तरी दिली.

एका साली एक ठेकेदार मोटारीत मोठं जाळं घालून आला. दाराशी उरकुड्याचा खापरपणतू बसला होता. तो उठलाबी नाई. म्हणे, "थांबा साहेब, आत बाळंतीन हाय. अन् आमचं घराणं पायाळू हाय."

साहेबानं आभाळाकडं पाह्यलं अन् मोटार वळवली.

आभाळात तवा ढगाचं ठिगळबी नव्हतं बापा.