ठकूबाईचं विरजण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी वर्षं झाली, की मोजायला बसाल तर बोटं संपतील आणि गोष्ट तशीच राहील. घाटमाथ्यावर हिरडेवाडी नावाचं गाव आहे. तिथं ठकूबाई राहायची. नवरा लवकर गेलेला, घरात ती आणि लेक आवडी, गोठ्यात एक कपिला गाय.

ठकूबाईच्या हाताला चव होती, आणि तीही डाव्या बाजूची. गावजेवण असलं की पुरणाला, भाताला दहा जणी धावत. पण पानाची डावी बाजू ठकूबाईची. काकडीची कोशिंबीर, दुध्याचं रायतं, कोवळ्या मुळ्याचा कीस दह्यात कालवलेला. आणि लाल भोपळ्याचं भरीत, ज्यात मोहरी अशी फेसलेली, की पहिल्या घासाला नाकातून पाणी यावं आणि माणसानं तरी दुसरा घास घ्यावा. पाहुणे पुरणपोळी अर्धी टाकून भरीत मागत. पुरण वाटणाऱ्या बायकांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होत, असं म्हणतात. आवडीला तर भरताशिवाय जेवण जातच नसे.

त्या गावाची एक रीत होती. लेक सासरी निघाली, की तिच्या ओटीत आईच्या घरचं विरजण घालायचं. सासरी पहिल्या संध्याकाळी तिनं दूध विरजायचं आणि सकाळी दही लागलं की माहेरी सांगावा धाडायचा. सांगावा एकाच शब्दाचा, ‘लागलं’. तेवढ्यावर आई ओळखायची, पोर सुखात आहे.

आवडीचं लग्न घाटाखाली ठरलं. लग्न लागलं, पण दुपारी परत निघायचं वऱ्हाड मानपानात अडकलं आणि निघता निघता दिवेलागण झाली. मशाली पेटल्या. आवडी दारातून मागं वळली.

“आये, विरजण राहिलं की गं.”

आता दिवे लागल्यावर दही-दूध घराबाहेर द्यायचं नाही, घरची लक्ष्मी जाते, हे ठकूबाईनं आपल्या आईकडून ऐकलेलं. तिचा हात शिंक्यापर्यंत गेला आणि मागं आला.

“तिन्हीसांजेचं देत न्हाईत, बाय. सकाळी मी सोता घिऊन येते.”

आवडीनं मान हलवली आणि ती गेली.

त्याच रात्री, पहाटेच्या सुमाराला डोंगर खचला. घाटाची वाट दरीत गेली. वऱ्हाड खाली पोचलं होतं की दरडीखाली सापडलं, कुणालाच कळेना. ठकूबाई दह्याचं गाडगं घेऊन कड्याच्या टोकाशी उभी राहिली. खाली नुसतं धुकं होतं.

गावानं महिनाभर वाट पाहिली. मग गाव म्हणालं, पोर गेली, तिचं दहावं-बारावं कर. ठकूबाई म्हणाली, माझ्या लेकीचा सांगावा यायचाय. लोक उठून आपापल्या घरी गेले. आईपुढं काय बोलणार?

खाली जायला दुसरा घाट होता, पण तो आठ दिवसांच्या फेऱ्याचा. आठ दिवसांत दही आंबून जायचं. तेव्हा ठकूबाईनं आवडीच्या जुन्या परकराच्या चिंध्या केल्या, दह्यात भिजवल्या आणि सावलीत वाळवल्या. कोमट दुधात चिंधी सोडली की सकाळी दही तयार. ही युक्ती जगात पहिल्यांदा तिलाच सुचली, असं गाव म्हणतं, आणि गावाशी कोण वाद घालणार? बांगड्या विकणारा धोंडू कासार वर्षातून एकदा खाली जाई. ती त्याच्या हाती चिंधी देई आणि म्हणे, आवडी दिसली तर दे. आवडीच्या सासरचं गाव तर दरडीच्या भीतीनं कुठंतरी उठून गेलं होतं. धोंडू नुसतंच विचारत फिरे आणि परत येऊन मान खाली घाली.

अशी एकोणीस वर्षं गेली. त्या काळात ठकूबाईचं दार दिवेलागणीला कधी बंद नसे. कुणीही यावं, दही न्यावं. तिच्या गाडग्यातलं दही कधी सरलं नाही. ज्या वर्षी कपिला आटली, त्या वर्षी तिनं गाडग्यात तांदळाचं धुवण ओतलं आणि सकाळी त्याचंही दही लागलं, असं म्हणतात. ती रोज दोन पानं मांडायची. दुसऱ्या पानावर डावीकडं भोपळ्याचं भरीत वाढायची आणि त्या पानाकडं बघत जेवायची. लेकीची आठवण येते का, असं तिला कुणी विचारलं नाही. ते विचारायचं धाडस कुणात नव्हतं.

विसाव्या वर्षी धोंडू खाली गेला असतानाच ठकूबाई गेली.

दहाव्याला पुतण्यानं नदीकाठी पिंड ठेवला. कावळे समोर बसले होते, पण एकही शिवेना. शेजारच्या हौसानं भरीत वाढलं. पुतण्या म्हणाला, तुझी गाय मी सांभाळीन. कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं.

तेवढ्यात धोंडू कासार आला. आला तो कड्याच्या बाजूनं, जिथं वाट उरलीच नव्हती. तो कसा चढला, ते त्यालाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही, असं म्हणतात. काय झालंय ते बघून त्यानं बांगड्यांचं ओझं खाली ठेवलं. मग पिंडाकडं तोंड करून म्हणाला,

“ठकूमावशे, आवडी भेटली. दर्याच्या कडंला हाय, तीन लेकरं हायती. चिंधी नाकाला लावून लई रडली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, आयेला एवढंच सांग, लागलं.”

शब्द पुरा होतो न होतो, तोच कावळा उतरला. त्यानं पिंडाला चोच लावली नाही. आधी भरीत खाल्लं.

आजही हिरडेवाडीत गावजेवणाला पहिलं वाढणं डाव्या बाजूचं असतं. कुणी दिवेलागणीला दही मागायला आलं, तर त्याला नाही म्हणत नाहीत. लेक निघाली की वेळ कुठलीही असो, चिंधी तिच्या पदराला बांधतात. आता दुसऱ्या दिवशी फोन येतो. लेक म्हणते, ‘लागलं’, आणि आई डोळे पुसून जेवायला बसते.

आणि तिसऱ्या दिवसापर्यंत फोन आला नाही, तर गावातल्या साऱ्या बाया ठकूबाईचं नाव घेऊन उठतात आणि त्या लेकीच्या दारात जाऊन उभ्या राहतात.