लुक्याचा उजेड का गेला

साळिंदरांच्या बिळात उजेडाला काजवे बसायचे, तेव्हाची गोष्ट. डोंगर फोडायला माणसं आली होती. एका संध्याकाळी फटीतून वारा आला आणि लुक्या काजवा मंदावला.

"आजोबा, या वाऱ्यात सुरुंगाची दारू आहे. ती लागली की माझा उजेड जातो. पिल्लं बाहेर काढा."

"स्वतःला जमत नाही आणि वाऱ्याला नावं ठेवतोय," म्हातारा साळिंदर म्हणाला. त्याने दुसरा काजवा बसवला. तोही मंदावला. "हल्लीची पोरंच असली."

लुक्याला राग आला, पण वाद घालत बसायला वेळ नव्हता. तो बाहेर जाऊन लखलखला, आत येऊन विझला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. म्हाताऱ्याची सून बघत होती.

"मामंजी, दिवे ठीक आहेत. हवा ठीक नाही," म्हणत तिने पिल्लं बाहेर हाकलली. अंधारात एकटं नको म्हणून म्हाताराही कुरकुरत निघाला.

थोड्या वेळाने धडाका झाला आणि बीळ ढासळलं.

अंगावरची धूळ झटकत म्हातारा नातवंडांना सांगू लागला, "तिथे उजेड कमी पडतोय, हे मीच आधी ओळखलं."

मोकळ्या हवेत लुक्याचा उजेड परत आला होता आणि त्यात म्हाताऱ्याचं तोंड सगळ्यांना स्पष्ट दिसत होतं.