दगडाच्या पाया पडलेली सून

ऐका हं, उशीत तोंड खुपसू नका. एक होती सून. गोजरा तिचं नाव. भातखाचरांच्या मुलखातून घाट चढून ती वर पठारावर नांदायला आली होती. तिच्या माहेरी हातभर खणलं की पाणी. इथं जिकडेतिकडे काळा पाषाण, आणि नद्या म्हणाल तर जवळचा समुद्र सोडून लांब पूर्वेला पळणाऱ्या! गोजरेला हसू यायचं. पण नवी सून ती, मनातल्या मनात हसायची.

मग काय झालं, गावाची विहीर आटली. लोकांनी दुसरीकडे खणलं, काळा दगड लागला. तिसरीकडे खणलं, तिथंही तोच. पाटील म्हणाले, "गाव उठवायचं. उद्या गाड्या जुंपा." सासूबाई चुलीपाशी बसून रडल्या. गोजरेचाही जीव गलबलला. आत्ता कुठं तिला हे घर आपलं वाटू लागलं होतं.

निघताना मोठ्यांच्या पाया पडायचं. आधी सगळ्यांत वडील, मग बाकीचे, अशी रीत बरं का. तिनं विचारलं, "आत्याबाई, इथं सगळ्यांत वडील कोण?"

"हा मेला दगड!" सासूबाई वैतागून म्हणाल्या.

मग गोजरा कोरड्या विहिरीत उतरली आणि दगडाच्या पाया पडली.

"अगं बाई, खुळावली पोर!" काठावरून सासूबाई ओरडल्या.

तोच दगड बोलला. "कोण गं तू?"

"मोकाशांची धाकटी सून."

"पोरी, मी आधी आगीचा रस होतो. मग थरावर थर निजलो, भाकरीवर भाकरी ठेवावी तसा. राजे आले. कुणी पोटात लेणी कोरली, कुणी माथ्यावर किल्ले चढवले, कुणी अंगावरून तोफा ओढल्या. पाया कुणी पडलं नाही. माग काय हवं ते."

"आजोबा, पाणी."

"एवढंच? ते माझ्या दोन थरांच्या मध्ये आहे. तुम्ही काळा दगड दिसला की पाठ फिरवता. आणखी तीन हात खणा. मी अंग सैल सोडतो."

मग पहारी आल्या. एक हात खणलं, दगड. दोन हात, दगड. सासूबाई स्वतः टोपल्या ओढत होत्या, तोंडानं 'खुळी पोर, खुळी पोर' चालूच. तिसऱ्या हाताला दगडानं सुस्कारा सोडला, आणि झुळझुळ पाणी आलं!

गाड्यांचे बैल सुटले. सासूबाईंनी घाईघाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सासरचं वडीलधारं माणूस ना ते! मग हळूच म्हणाल्या, "गोजरे, विचार तर, त्यांना तंबाखू चालते का?"

गाव तिथंच राहिलं, सुखानं नांदलं. आणि आपल्या अंथरुणाखालीही तेच आजोबा पसरलेत, बरं का. तेव्हा पाय आपटू नका. निजा.